गेंड्याची पुढची चाकं

परसातला कपडे वाळत घालायचा खांब शेवटी पडला. चादरी, टॉवेल आणि बाबांचे दवाखान्यातले पांढरे डगले अंगावर घेऊन मुळासकट पडला.

असं काही झालेलं नाही. घरात तसं ठरलं आहे. कोणी विचारलं तर खांब होता तिथेच आहे, कपडे वाळतायत, रविवार नेहमीसारखा गेला. जे घर पडद्यांच्या रंगावरून दोन वर्षं भांडलं, त्या घरात एखादी गोष्ट इतक्या एकमताने ठरली असेल तर तिचा मान ठेवावा. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. खांब उभा आहे. डगले वाऱ्यावर हात हलवतायत.

महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे गेंड्याला फोर-व्हील लावायचा दिवस.

गेंडा म्हणजे घरची गाडी. मध्यम आकाराची, करड्या रंगाची, वेळ पडली तर चारही चाकांनी ओढणारी. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालायची. गिअरशेजारची छोटी दांडी मागे ओढली की पुढची दोन कामाला लागायची आणि समोर हिरवा दिवा पेटायचा. "महिन्यातून एकदा तरी लावलं पाहिजे," बाबा म्हणायचे. "तेल फिरतं. न वापरलेलं फोर-व्हील आणि न वापरलेली दाढ, दोन्ही एक दिवस दगा देतात." बाबा दातांचे डॉक्टर. त्यांच्या लेखी जगातली कुठलीही वस्तू एक तर दात असते, नाहीतर हिरडी.

म्हणून दर महिन्याला सगळं घर परसामागच्या मोकळ्या मैदानात जमायचं. बाबा दांडी ओढायचे, दिवा लागायचा, सगळे "लागलं!" म्हणायचे, गेंडा एक फेरी मारायचा आणि मंडळी चहाला घरात जायची. मैदान सपाट आणि टणक होतं. तिथे हातगाडीसुद्धा कौतुकाने फिरली असती.

गेंड्याच्या अंगावर काय नव्हतं? पुढे लोखंडी गार्ड, गार्डात दोर गुंडाळून ओढणारं विंच, टपावर दिव्यांची पट्टी, पट्टीमागे कॅरियर, कॅरियरवर घडीचा तंबू, दारांखाली दगड लागू नयेत म्हणून नळ्या, आणि कडेने टपापर्यंत गेलेलं स्नॉर्कल, म्हणजे गाडी बॉनेटभर पाण्यात बुडाली तरी इंजिनाने वरून श्वास घ्यावा. एवढ्या साजशृंगारानिशी गेंडा मंडईत जाऊन यायचा. एकदाच तो खरोखर पाण्यात उतरला होता, धाकटी शाळेत असताना, ओढ्यात. पण ते प्रकरण जुनं आहे आणि घरात त्याचं नाव काढत नाहीत. हा आजार आजोबांपासूनचा. आजोबांच्या सायकलला दोन घंट्या, तीन आरसे आणि मागे हवेचा पंप होता, आणि ते ती हातात धरून चालत न्यायचे. झिजू नये म्हणून.

आजच्या रविवारी फरक एवढाच होता की फेरी झाली की गेंडा कोणाचा, हे बाबा जाहीर करणार होते. त्यांच्या गुडघ्यांनी एवढ्या उंच गाडीत चढायला साफ नकार दिला होता.

उमेदवार दोन. एक थोरला. तो शाळाशाळांतून वर्गांचे फोटो काढायचा आणि दर वाढदिवसाला काही ना काही भेट आणायचा. वाढदिवस बाबांचा असे, भेट गेंड्याला मिळे. दुसरी धाकटी, गुरांची डॉक्टर. तिला डोंगरावरच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली होती, एका अटीवर: स्वतःची फोर-व्हील गाडी हवी. वरचा शेवटचा टप्पा हा रस्ता नव्हता, रस्त्याबद्दलचा एक अंदाज होता. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "गाडी चढेल ना?" आणि धाकटी हसून म्हणाली होती, "आमच्या घरात लहानपणापासून फोर-व्हील आहे, सर." उद्या रुजू व्हायचं होतं. उद्या गेंडा वर पोचला नाही तर जागा दुसऱ्याला, आणि धाकटी परत शहरातल्या त्या दवाखान्यात, जिथे मांजरांच्या मालकिणींची समजूत काढायचा पगार मिळतो.

"आज तू चालव," बाबा तिला म्हणाले. थोरल्याचा चेहरा पडला. तरी तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला, मालकाने बसावं तसा.

शुक्रवारी मैदानाखालची पाण्याची मोठी नळी फुटली होती. पाणीपुरवठा खात्याच्या माणसांनी खणून, जोडून, माती लोटून काम संपवलं होतं. आई त्याच खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेली. आपण असतो तर नळीची फुटायची हिंमत झाली नसती, असं तिचं मत होतं. वरून माती कोरडी दिसत होती. आतून ती लोण्यासारखी होती, हे गेंड्याला फेरी संपवून घराकडे वळताना कळलं.

मागची चाकं गरगर फिरली, चिखलाचे दोन फवारे उडाले आणि गेंडा पुठ्ठ्यापर्यंत खाली बसला.

"घाबरू नकोस!" बाहेरून बाबा आनंदाने ओरडले. त्यांना केव्हापासून हा दिवस हवा होता. "फोर-व्हील लागलंय ना?"

"लागलंय, बाबा. दिवा आहे."

"मग दे हळूच!"

धाकटीने हळूच दिलं. गेंडा आणखी खाली गेला.

"तू क्लच फार लवकर सोडतेस," थोरला म्हणाला. "गाडीला समजून घ्यावं लागतं, धाकटे. मी आमच्या गाडीवाल्यांच्या गटात यावर बोललोय."

"तू बोललायस. तू चालवलंयस का कधी चिखलात?"

"तत्त्व तेच असतं."

बाहेर वहिनी, थोरल्याची बायको, उभी होती. वहिनी औषधाच्या दुकानात बसते. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून तिला समोर आहे तेच दिसायची सवय लागली आहे. ती थोडी वाकली आणि सहज म्हणाली, "पुढची चाकं फिरत नाहीयेत."

"फिरतायत," बाबा म्हणाले.

"नाही, बाबा. मागची फिरतायत. पुढची नुसती बघतायत."

"अगं, दिवा लागलाय ना! दिवा लागलाय म्हणजे लागलंय."

"बरं," वहिनी म्हणाली. "पण पुढच्या टायरवर एक चिमणी बसलीय."

सगळ्यांनी पाहिलं. चिमणी बसली होती. इंजिन गर्जत होतं, मागून चिखल उडत होता, आणि पुढच्या चाकावर बसून चिमणी पंख साफ करत होती.

धाकटीने इंजिन बंद केलं. ती खाली उतरली, बाह्या वर केल्या आणि अडलेल्या गायीचं वासरू काढायला होते तशी चिखलात आडवी होऊन गाडीखाली सरकली. पुढचा भाग अजून वर होता, सहज दिसत होतं. गिअरबॉक्सच्या कडेला एक पेटी, पेटीच्या तोंडाला चार भोकांची लोखंडी चकती. तिकडे पुढच्या दोन चाकांच्या मधोमध तशीच दुसरी चकती. मधे हवा.

तिने हात घालून पाहिला. हवाच होती. पलीकडे वहिनीच्या चपला दिसत होत्या.

"बाबा," ती आतूनच म्हणाली, "इथलं हाड नाहीये."

"कसलं हाड?"

"मधलं. पेटीतून पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा. तो नाहीये. तुटला नाहीये. नाहीच आहे."

चिमणी उडून गेली.

"मामा!" बाबा ओरडले.

मामा खुर्ची टाकून घराच्या सावलीत बसला होता. मामा म्हणजे आईचा भाऊ. त्याचं गॅरेज, आणि गेंड्याच्या पोटाखाली जायचा अधिकार या घराण्यात फक्त त्याला. बाबा गेंड्याला वरून जपत, मामा खालून. मामा चालत आला, वाकला, गाडीखाली पाहिलं, आणि नाटकात पहिल्यांदाच काम करणाऱ्यासारखा म्हणाला, "अरेच्चा! शाफ्ट गेला की!"

"गेला म्हणजे?"

"पडला असेल, भाऊजी. रस्त्यात. लोखंड आहे, माणसासारखंच. एखाद दिवशी मन उडतं."

"आठ बोल्टांनी बसवलेली वस्तू रस्त्यात पडते आणि मला आवाज येत नाही?"

"तुम्ही गाणी मोठ्याने लावता."

धाकटी गाडीखालून बाहेर आली. तिच्या केसांपासून कोपरापर्यंत चिखल होता. "मामा, या चकत्यांना गंज नाहीये. वर रंग मारलाय. पडलेल्या वस्तूची जागा कोणी रंगवत नाही."

मामाने आकाशाकडे पाहिलं. तिथे काही मदत नव्हती.

"ते नंतर बघू," थोरला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपण विकत घेतलेली एखादी गोष्ट वापरायची संधी दिसत होती. "आधी गाडी काढू. विंच आहे! दोर सोडायचा, कशाला तरी अडकवायचा, गेंडा स्वतःच स्वतःला ओढून काढेल."

"कशाला अडकवणार?" वहिनी म्हणाली.

मैदानात झाड नव्हतं. दगड नव्हता. गेंड्याच्या नाकासमोर, परसाच्या कडेला, एकच उभी गोष्ट होती: कपड्यांचा खांब. लोखंडी, जाडजूड. त्याच्या डोक्यावर दीड हाताचा आडवा लोखंडी दांडा, हिरव्या रंगाचा. दांड्याच्या दोन्ही टोकांना भोकं पाडलेल्या चकत्या, त्या भोकांतून ओवलेल्या दोऱ्या पार घराच्या भिंतीपर्यंत गेलेल्या. ओल्या चादरींचं वजन पडलं की दांड्याची दोन्ही टोकं मान डोलवायची. लहानपणी धाकटीला वाटायचं, खांब आईचं ऐकतोय. आणि आई त्या टोकांना मधूनमधून ग्रीस द्यायची. करकर नको म्हणून.

आई तिथेच शेवटची चादर पसरत होती. एवढा वेळ ती एक अक्षर बोलली नव्हती. थोरला आकडा घेऊन येताना दिसला तशी ती चादर सोडून खांबापुढे उभी राहिली.

"सदर खांबास हात लावण्यास माझी हरकत आहे," ती म्हणाली.

थोरला थबकला. आई रागावली तर ओरडते; ते चालतं. आई घाबरली की खात्याच्या भाषेत बोलते. हे याआधी दोनदाच झालं होतं: आजोबा गेले तेव्हा, आणि त्या ओढ्याच्या दिवशी.

"आई, पाच मिनिटांचं काम आहे."

"सदर खांब हा कपडे वाळवण्याच्या प्रयोजनार्थ उभारण्यात आला आहे. अन्य कारणासाठी त्याचा वापर अनुज्ञेय नाही."

"मग ट्रॅक्टर बोलावू," वहिनी म्हणाली.

"गेंड्याला ट्रॅक्टर ओढणार?" बाबा जवळजवळ किंचाळले. "त्यापेक्षा मी इथेच तंबू उघडून राहतो! लाव रे आकडा!"

"ताई, बाजूला हो," मामा हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की धाकटीने वळून पाहिलं. आई मामाकडे बघत होती, मामा जमिनीकडे. एकाच पिशवीतून चोरलेला खाऊ खाल्लेली दोन पोरं घरच्यांसमोर उभी राहतात तशी ही साठीतली दोन माणसं उभी होती.

आई बाजूला झाली.

थोरल्याने पट्टा खांबाला आवळला, आकडा अडकवला, बटण दाबलं. विंच गुणगुणत फिरलं. दोर ताठ झाला. गेंडा तसूभरही हलला नाही. खांब मात्र एकदा आदबीने पुढे झुकला, जणू नमस्कार करतोय, मग बुंध्याशी माती उचकटली, भिंतीकडच्या दोऱ्या एकेक करून तुटल्या, आणि सगळा लवाजमा चिखलातून सरपटत गाडीकडे निघाला. मागून बाबांचे डगले येत होते, पोटावर झोपून, हात पुढे करून.

"थांबव!" चौघं ओरडली.

थोरल्याने थांबवलं तोवर खांबाचं डोकं गेंड्याच्या पुढच्या गार्डाला टेकलं होतं. धक्क्याने आडवा दांडा सुटला आणि घरंगळत दोन्ही चाकांच्या मधोमध जाऊन पडला. जिथे असायला हवा होता, बरोबर तिथे. फक्त थोडा खाली.

मुळासकट निघालेल्या दाढेकडे बघावं तसे बाबा बघत राहिले.

धाकटी खाली बसली. तिने दांडा मांडीवर घेतला, अंगठ्याने चिखल पुसला. टोकाला चार भोकांची चकती. दुसऱ्या टोकाला चार भोकांची चकती. दोन्हीकडे सांधे. तिने सांधा हलवला. तो लोण्यासारखा फिरला.

"आई," ती म्हणाली. "हा गेंड्याचा शाफ्ट आहे."

तिने सांधा पुन्हा फिरवून पाहिला.

"इतकी वर्षं मी यावर माझे रुमाल वाळत घातलेत."

"मी पायमोजे," थोरला म्हणाला आणि चिखलातच बसला. "मी सव्वाशे लोकांसमोर फोर-व्हीलच्या निगेवर भाषण दिलंय. व्हिडिओ आहे त्याचा."

बाबा मामाकडे वळले. "तू?"

"ताईने सांगितलं," मामा म्हणाला. "ताईने सांगितल्यावर तुम्ही कधी नाही म्हणालात, भाऊजी?"

बाबांनी तो मुद्दा सोडला.

"पण दिवा?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला होता. "दिवा तर लागायचा!"

"दिवा दांडी ओढल्याचा असतो. पेटीचं काम पेटी करते. पुढे कोणी आहे का, ते तिला कुठे दिसतं?"

"म्हणजे दर महिन्याला... आपण सगळे जमून... मैदानात..."

"तेल फिरायचं की," मामा समजुतीने म्हणाला. "ते काही वाया गेलं नाही."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई चिखलात वाकून डगले गोळा करत होती. एकेक झटकत होती, खांद्यावर टाकत होती.

"अगं, का?"

तिने शेवटचा डगला उचलला. "ओढ्याच्या दिवशी मी काठावर होते," ती म्हणाली. आता ती साध्या भाषेत बोलत होती, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. "मी म्हटलं, नका जाऊ. तुम्ही दांडी ओढली, दिवा दाखवलात आणि या दोघांना घेऊन उतरलात. माझ्या हातात तिघांच्या चपला होत्या. मग तुम्ही तिघं टपावर, पाणी खिडकीला, आणि मी काठावर चपला घेऊन. अंधार पडेपर्यंत."

धाकटीला तो दिवस आठवत होता. तिला तो मजेचा आठवत होता. टपावर बसून त्यांनी गाणी म्हटली होती, आणि दादाने तिला पाण्यातला ओंडका मगर म्हणून दाखवलं होतं. काठावर आई उभी होती, हे तिला आठवतच नव्हतं.

"घरी आल्यावर तुम्ही काय म्हणालात? फोर-व्हील होतं म्हणून वाचलो." आईने डगल्याची बाही पिळली. "फोर-व्हील होतं म्हणून गेलात."

"मग मला सांगायचंस!" बाबा म्हणाले.

"सांगितलं की. काठावरून. ओरडून. पाण्याचा आवाज फार होता."

बाबा गेंड्याच्या पायरीवर टेकले. त्या पायरीचाही आज पहिल्यांदाच उपयोग झाला. स्नॉर्कल त्यांच्या डोक्यावर उभं होतं. ते त्यांनी त्या ओढ्यानंतर बसवून घेतलं होतं, म्हणजे पुढच्या वेळी आणखी खोल जाता यावं. एकाच आठवड्यात नवऱ्याने गाडीला नाक लावलं होतं आणि बायकोने पाय काढून घेतले होते, आणि दोघंही एकमेकांना न सांगता सुखाने जगली होती.

"मला नको ही गाडी," थोरला अचानक म्हणाला. "तंबू तेवढा द्या."

"मी मघाशीच म्हणणार होते," वहिनी म्हणाली, "आपल्याकडे ठेवायला जागा नाही." मग ती धाकटीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिने दांड्याचं दुसरं टोक धरलं. घरातली बाजू अशीच बदलते. ठराव कोणी मांडत नाही.

पण धाकटी आईकडे बघत होती. एक हिशेब तिच्या डोक्यात आत्ता पुरा होत होता.

"आई, मी उद्या ही गाडी घेऊन डोंगरावर जाणार होते."

"माहीत आहे."

"तू मला डबा भरून देणार होतीस. दारात उभी राहून हात हलवणार होतीस. आणि मी अशीच गेले असते. दोन चाकांवर. आणि मला वाटलं असतं चार आहेत."

"गेली नसतीस," आई म्हणाली. "पहिल्या चिखलापाशी थांबली असतीस. कड्यापर्यंत रस्ता जातच नाही, मी विचारून घेतलंय. परत आली असतीस. रात्री जेवायला घरी."

"आणि नोकरी?"

आईने डगले दुसऱ्या खांद्यावर घेतले. डगल्यांतून पाणी ठिबकत राहिलं.

"तू मला पडू दिलं नसतंस, मान्य. पण जाऊही दिलं नसतंस, आई. आणि मला वाटलं असतं, माझंच चुकलं. मी क्लच लवकर सोडला."

हे शेवटचं वाक्य आईला लागलं. तिने थोरल्याकडे एकदा पाहिलं, जणू क्लचवरून त्याने आणखी काही बोलायची हिंमत करू नये.

मामा खाकरला. "बसवता येईल," तो म्हणाला. "सांधे नव्यासारखे आहेत. ताई ग्रीस देत आलीय ना. गाडीला असता तर एवढी निगा राहिली नसती." बाबांनी दुखऱ्या दाताला वारा लागल्यासारखं तोंड केलं. "फक्त बोल्ट लागतील. साधे नाही चालत, याचेच लागतात. आज रविवार, दुकानं बंद."

"मग?" धाकटी म्हणाली.

"काढले तेव्हा ताईकडे दिले होते. तिने ठेवले असतील तर आहेत. टाकले असतील तर उद्याचं काही खरं नाही."

सगळे आईकडे बघू लागले. ती म्हणू शकली असती, टाकले. कोणी तपासायला जाणार नव्हतं. तिने डगले वहिनीच्या हातात दिले आणि ती घरात गेली.

ती आत असताना मैदानात पाच माणसं उभी होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बाबांनी रुमालाने हेडलाइट पुसली. चिखल तसाच होता. नुसता इकडून तिकडे गेला.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बटणांचा डबा होता. तो तिने मामाला दिला नाही. धाकटीच्या चिखलाच्या ओंजळीत तो उपडा केला. शर्टांची बटणं, कोटाची बटणं, शाळेच्या गणवेशाची दोन निळी बटणं, आणि त्यांच्यात आठ बोल्ट. प्रत्येकाला तेलाचा हात होता. टाकून द्यायच्या वस्तूला कोणी तेल लावत नाही.

"सुट्टी कधी मिळते तिथे?" आईने विचारलं.

"तीन महिन्यांतून एकदा. पोचायलाच एक दिवस जातो."

"रविवारी?"

"गुरांना रविवार नसतो, आई."

आईने मान हलवली आणि उरलेली बटणं परत डब्यात भरली.

मामा आणि धाकटी गाडीखाली गेले. थोरल्याने वरून दिव्यांची पट्टी लावली. ती खाली काहीच दाखवत नव्हती, पण त्याला बरं वाटलं. पाना फिरला, बोल्ट बसले. धाकटीने स्वतः शेवटचा आवळला. मग ती वर येऊन बसली, दांडी ओढली. हिरवा दिवा लागला. पण यावेळी "लागलं" असं कोणीही म्हणालं नाही. सगळे वाकून पुढच्या चाकांकडे बघत होते.

चाकं फिरली.

बाबांच्या तोंडून आवाज निघाला तो शब्द नव्हता. चारही चाकांनी चिखल धरला, गेंडा एकदा थरथरला, आणि माणूस खुर्चीतून सहज उठतो तसा खड्ड्यातून उठून कोरड्या जमिनीवर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत या गाडीला पुढून ओढताना कोणी पाहिलंच नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. पण सगळे असे चूप उभे होते, जणू घरातलं एखादं मुकं माणूस जेवताना अचानक मीठ मागून बसलंय.

बाबांनी किल्लीची जुडी धाकटीच्या हातात ठेवली. त्यांनी भाषण तयार केलं होतं, ते खिशातच राहिलं. "पाण्यात फार आत जाऊ नकोस," एवढंच म्हणाले. "म्हणजे, जा. पण आईला विचारून."

संध्याकाळी खांब परत रोवला. वरचा दांडा नसल्यामुळे तो नुसताच उभा राहिला, हात नसलेल्या हवालदारासारखा. कपडे पुन्हा धुवावे लागले आणि वाळत घालायला जागाच नव्हती, तेव्हा वहिनीने दोऱ्या स्नॉर्कलपासून कॅरियरपर्यंत बांधल्या आणि डगले गेंड्यावर टाकले. गेंड्याचा साजशृंगार त्या संध्याकाळी कामी आला.

सकाळी धाकटी निघाली. डबा भरून झाला होता, तंबू उतरवून झाला होता. खांब पडला नाही, शाफ्ट काढला नव्हता, गेंडा पहिल्यापासून फोर-व्हीलच होता, हे रात्री जेवताना सगळ्यांनी मान्य केलं होतं. बाबांनी टायरची हवा पाहिली. मामा आला नाही. त्याने फोन करून सांगितलं की तो झोपलाय.

आई खिडकीपाशी आली. तिच्या हातात ग्रीस गन होती, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. ती तिने सीटवर ठेवली. "महिन्यातून एकदा," ती म्हणाली. "दोन्ही सांध्यांना. करकरला तर लगेच."

"हो, आई."

धाकटीने इंजिन चालू केलं. आईने खिडकीवरचा हात काढला नाही. तिने घसा साफ केला, पदर सारखा केला, आणि समोर कोणी लिहून घेत असल्यासारखी, एकेक शब्द सोडवत म्हणाली:

"उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर दांडा हा परसातील खांबाचा अविभाज्य भाग असून त्याअभावी घरातील कपडे वाळवण्याचे काम खोळंबले आहे. सबब, संबंधितांनी सदर दांडा दर रविवारी सकाळी, गाडी व चालक यांच्यासह, मूळ जागी हजर करावा. कपडे पूर्ण वाळेपर्यंत तो परत मागू नये. आणि ढगाळ हवेत कपडे वाळण्यास लागणारा जादा कालावधी, मुक्कामासह, मंजूर करण्यात यावा, ही विनंती."